पूर्ण शिजवून आणा

परवा बाणेरच्या एका हॉटेलात शेजारच्या टेबलावर एक तरुण आपल्या मैत्रिणीला स्टेक कसा खावा हे शिकवत होता. आतून गुलाबी पाहिजे, कापल्यावर रस सुटला पाहिजे, वेल डन, म्हणजे पूर्ण शिजवलेला, मागवणाऱ्याला खरं तर हॉटेलात पाऊलच टाकू देऊ नये, वगैरे. ती बिचारी मान डोलावत होती. मी माझं सूप पीत होते आणि माझं डोकं तापत चाललं होतं. गोवंशहत्याबंदीचा कायदा आल्यापासून पुण्यात स्टेक म्हणून जे मिळतं ते म्हशीचं असतं. हे त्या पोराला ठाऊक होतं की नाही कोण जाणे, पण व्याख्यान तेच होतं, जवळजवळ शब्दसुद्धा तेच. ते मी वीसेक वर्षांपूर्वी ऐकलं आहे. ऐकवणारा माझा मॅनेजर होता, आणि माझ्या आईला राहायला घर मिळणार की नाही हे त्या वेळी त्याच्या हातात होतं.

इतकी वर्षं राग टिकतो का, असं ओळखीचे लोक मला विचारतात. टिकतो. लोणच्यासारखा मुरतो आणि टिकतो.

आमच्या घरी रविवारी मोठ्याचं शिजायचं. मोठ्याचं म्हणजे बैलाचं. बकऱ्याचं परवडायचं नाही हे त्याचं एक कारण, आणि आम्हाला ते आवडायचं हे दुसरं, जे कुणी कधी लक्षातच घेत नाही. आम्ही खडकीला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायचो, वडील कारखान्यात फिटर होते. रविवारी सकाळी ते सायकलवरून बाजारात जायचे आणि पिशवीत पिशवी घालून मांस घेऊन यायचे. आई ते धुवायची, पुन्हा धुवायची, हळद-मीठ चोळायची आणि पातेल्यात मंद आचेवर चढवायची. कुकरवर तिचा विश्वास नव्हता. शिट्ट्या ऐकून मांस शिजत नसतं, असं तिचं म्हणणं. मधेच पळीत एक तुकडा घेऊन, फुंकर मारून, ती तो अंगठा आणि बोटाच्या चिमटीत दाबून बघायची. सहज तुटला आणि त्याच्या रेषा सुटल्या तर झालं. हाडाजवळ जरा जरी लाल दिसलं तर ताटं पुन्हा मांडणीवर आणि पातेलं पुन्हा गॅसवर. भुकेने आमचा जीव गेला तरी चालेल, पण लाल दिसता कामा नये.

आणि हे सगळं खिडक्या लावून. आमच्या आजूबाजूला सगळ्या प्रकारची माणसं होती. म्हणून आई आधी कांदा-खोबरं खरपूस भाजायची, त्याचा वास घरभर झाला की खिडक्या लावायची, दाराच्या फटीशी ओलं गोणपाट सरकवायची आणि मगच पातेलं चढवायची. मे महिन्यात त्या खोलीत आम्ही घामाने निथळत बसायचो. शेजाऱ्यांना सगळं ठाऊक होतंच. दार उघडलं की समोरच्या बाई नाकाला पदर लावायच्या, तो आम्हाला दिसेल अशा बेताने.

लाल दिसता कामा नये, याला कारण होतं. माझ्या आजोबांच्या वाट्याला गावात मेलेली ढोरं ओढायचं काम होतं आणि त्या ढोराचं मांस हाच त्या कामाचा मोबदला होता. कधी मेलं, कशाने मेलं, हे विचारायची सोय नव्हती. घरातल्या बायका ते उकळत ठेवायच्या, उकळत ठेवायच्या, आणि तरी पोरं खाताना त्यांच्या तोंडाकडे बघत राहायच्या. दीक्षा घेतल्यावर आजोबांनी ते काम टाकलं आणि ते मांसही टाकलं. गावाने त्यांना वाळीत टाकलं तेव्हा ते पुण्याला आले. त्यानंतर आमच्या घरी जे आलं ते दुकानातून, ताजं, स्वतःच्या पैशाने विकत घेतलेलं, आणि ते शिजलं पाहिजे म्हणजे शिजलंच पाहिजे. आईच्या दृष्टीने तो चवीचा प्रश्न नव्हताच. कुणी फेकलेलं आपण आता खात नाही, हे ती दर रविवारी त्या पातेल्यात बघून खात्री करून घ्यायची. तिने हे असं कधी बोलून दाखवलं नाही. मी दाखवते, कारण मी शिकले आणि मला राग येतो.

मी कॉम्प्युटरचा कोर्स करून एका सॉफ्टवेअर कंपनीत लागले तेव्हा त्या धंद्याला नुकतं उधाण आलं होतं. नोकरीला वर्ष होतंय तोच वडील गेले आणि क्वार्टर सोडायची नोटीस आली. मी आणि आई, दोघीच. घर शोधायला लागले. एजंट फोनवर फार गोड बोलायचे, नोकरी कुठे ते ऐकून आणखी गोड व्हायचे, आणि आडनाव सांगितलं की म्हणायचे, मालकांना विचारून कळवतो. मालकांना बहुधा विचारायला वेळ मिळत नसावा, कारण कळवलं कुणीच नाही. इकडे आई रोज भांडी बांधायची आणि लागतात म्हणून पुन्हा सोडायची.

माझा मॅनेजर शनिवार पेठेतून कोथरूडला आलेल्या घरातला. दोन वर्षं अमेरिकेत ऑनसाइट राहून आला होता आणि येताना तिथून स्टेक घेऊन आला होता. म्हणजे खिशात नव्हे, डोक्यात. कॅन्टीनमध्ये आम्ही पोळी-भाजी खात असताना तो आम्हाला तळहातावर स्टेक शिकवायचा. अंगठा पहिल्या बोटाला टेकवा आणि अंगठ्याखालचा उंचवटा दाबून बघा, हा झाला रेअर, जवळजवळ कच्चा. दुसऱ्या बोटाला टेकवा, हा मिडियम रेअर, इथे थांबायचं. करंगळीपर्यंत गेलात तर संपलं, तो वेल डन, तो अडाण्यांनी खायचा. पुण्यातले लोक सिझलरलाच स्टेक समजतात, याचं त्याला फार वाईट वाटायचं. सगळी टीम आपापले तळहात दाबत बसायची. मीही दाबायचे. हसायचेही.

त्यानेच एकदा मला विचारलं की तू घर शोधतेयस म्हणे. त्याच्या आईच्या नावावर कोथरूडला फ्लॅट होता, त्यांच्याच सोसायटीत, रिकामा. आईला कुणीतरी ओळखीचं, घरातल्यासारखं माणूस हवं आहे, तू ये आणि तुझ्या आईलाही आण, असं म्हणाला. कंपनीची बस तिथूनच सुटायची. रविवारी यायचं ठरलं. मी घरी जाऊन सांगितलं तेव्हा आईने त्याला चारदा आशीर्वाद दिले, न बघता.

त्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी अमेरिकेहून क्लायंट आला होता. आम्ही सहाजण त्याला घेऊन कोरेगाव पार्कात जेवायला गेलो. मॅनेजरने मेनूकार्ड कुणाला उघडूच दिलं नाही. सगळ्यांना स्टेक, सगळे मिडियम रेअर, असं वेटरला सांगून टाकलं. तेव्हा तो क्लायंट, चांगला उंचापुरा, लालबुंद माणूस, जरा संकोचून म्हणाला की माझा मात्र वेल डन आणा, आत गुलाबी अजिबात नको. त्याच्या घरची शेती होती, गुरं होती, आणि त्याची आई कच्चट मांस ताटात येऊ द्यायची नाही. आमचा मॅनेजर म्हणाला, अर्थातच, सर, ज्याची त्याची आवड. अडाणी हा शब्द कुठे गेला होता कोण जाणे.

मला केवढा धीर आला. मी म्हणाले, माझाही वेल डन. मॅनेजर माझ्याकडे बघून हसला आणि वेटरला मराठीत म्हणाला, हिचं मिडियम रेअरच आणा, तिला यातलं कळत नाही.

ताट आलं. मी सुरी लावली आणि तांबडं पाणी बटाट्याखाली पसरत गेलं. मला आईची चिमूट दिसली, नाकावरचा पदर दिसला. समोर तो सांगत होता की बघ, आता खा, मग मला थँक्स म्हणशील. मी रविवारचा विचार केला, बांधलेल्या भांड्यांचा विचार केला, आणि तरी वेटरला हाक मारली.

"हे परत न्या," मी म्हणाले. "पूर्ण शिजवून आणा."

"अगं, चप्पल होईल त्याची," मॅनेजर म्हणाला. "चामडं खायचंय का तुला?"

टेबल हसलं. मराठी न कळणारा क्लायंटही सगळे हसले म्हणून हसला. मॅनेजरला आपण काय बोललो याची कल्पना नव्हती, असं नंतर एका सहकाऱ्याने मला समजावलं. मला ते मान्य आहे. माझ्या आजोबांनी ढोरं ओढली, हे त्याला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. कुणाला काय बोलतो आहोत हे ठाऊक नसतानाही बेधडक बोलता येणं, याचीच मला चीड येते. आम्हाला तोंड उघडण्याआधी समोरच्याचं आडनाव, गाव आणि मूड बघावा लागतो. त्याला आयुष्यात एकदाही बघावं लागलं नव्हतं.

माझं ताट परत आलं, पूर्ण शिजून. क्लायंटच्या ताटात अगदी तसाच तुकडा होता. त्यातली चप्पल कुणाला दिसली नाही. मी शेवटच्या घासापर्यंत सगळं खाल्लं, आणि कडक होतं हे खरं, पण ते मी मेले तरी कबूल केलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना मी आईला हे सांगितलं, चामड्याचं वगळून. तिला आधी खरंच वाटेना. शिकलेली माणसं, पैसे मोजून, लाल? मग म्हणाली, "असेल बाई. ज्यांना कधी खावं लागलं नाही, त्यांना त्याची हौस असेल."

रविवारी तिने ठेवणीतलं पातळ नेसलं. मॅनेजरच्या आई दारातच उभ्या होत्या, बोलायला साखरेसारख्या गोड. त्यांनी आधी घर दाखवलं. आई बाकीच्या खोल्यांतून नुसती फिरली, पण स्वयंपाकघरात थांबली. काळ्या ग्रॅनाइटचा लांबलचक ओटा होता आणि त्याच्या वर पश्चिमेची मोठी खिडकी. आईने ओट्यावरून हात फिरवला आणि मला म्हणाली, हवा छान येते गं. क्वार्टरमधल्या ओट्यावर पातेलं ठेवलं की पोळपाटाला जागा उरायची नाही. तिचा तो हात मला अजून दिसतो, आणि दिसला की पुढचं सगळं नव्याने डोक्यात जातं.

मग त्यांच्या घरी चहा झाला. मॅनेजरही येऊन बसला. त्याच्या आईंनी, म्हणजे काकूंनी, आमचं मूळ गाव विचारलं, आईने सांगितलं. आडनाव विचारलं, तेही सांगितलं. काकू म्हणाल्या, अच्छा. पुण्यात अच्छा म्हणायच्या पुष्कळ तऱ्हा आहेत आणि ही आम्ही दोघी ओळखत होतो. लगेच त्या म्हणाल्या की आम्ही जातपात वगैरे काही मानत नाही, आमच्याकडे सगळे येतात-जातात. माझ्या मनात आलं की हेही ठीक, निदान मालकांना विचारून कळवतो असं तर म्हणत नाहीत.

"फक्त एकच सांगायचंय हं," काकू म्हणाल्या. "घरात तुमचं ते शिजवायचं नाही. बाहेर काय हवं ते खा, आमचा हासुद्धा बाहेर खातो, मी कधी विचारत नाही. पण शिजवलं की वास भिंतीत बसतो हो. जाता जात नाही."

मी मॅनेजरकडे बघितलं. तो काहीतरी बोलेल असं मला त्या क्षणापर्यंत वाटत होतं, हे आज सांगतानाही माझा संताप होतो. तो पंख्याकडे बघत होता. आईने कप खाली ठेवला आणि त्यालाच विचारलं, अगदी साधेपणाने, जसं पाहुण्याच्या मुलाला विचारावं तसं.

"तुम्ही काय खाता, साहेब, बाहेर?"

"चिकन वगैरे," तो म्हणाला. "कधीतरी."

मी त्याच्या हाताकडे बघत होते. दुसरं बोट, इथे थांबायचं. माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं, कोरेगाव पार्क, तांबडं पाणी, चप्पल. तेवढ्यात आई बोलली. तिचा आवाज जरासुद्धा चढला नाही.

"बाई, आमच्यात कच्चं कुणी खात नाही. जे खातो ते शिजवून खातो. शिजवायचंच नाही, तर एवढा चांगला ओटा कशाला बांधला?"

काकू म्हणाल्या, अहो, वरणभात करा की, त्याला कोण नको म्हणतंय. आई म्हणाली, वरणभात आम्ही रोजच करतो. आणि उठली. चहाचा कप तिने होता तिथेच टीपॉयवर राहू दिला. तिच्या लहानपणी अशा घरांत आपला कप आपण विसळून पालथा घालायचा असे, आणि ही सवय तिच्या हातात इतकी भिनली होती की माझ्या मैत्रिणींकडे गेली तरी ती कप घेऊन मोरीकडे निघायची. त्या दिवशी नाही निघाली.

जिन्यात तिने मला विचारलं, "लाल खाणारा तो हाच का?"

"हाच."

"त्याच्या आईला ठाऊक नाही?"

"नाही."

"मग तू बोलली नाहीस ते बरं केलंस," ती म्हणाली. "लेकाचं असं दुसऱ्याच्या तोंडून आईला कळू नये."

मी तिथे पायरीवरच थांबले. ज्या बाईने तिला ओट्यावरून उठवलं त्या बाईची हिला काळजी. मी तिच्यावर भडकले, भर जिन्यात, लोक दारं किलकिली करून बघेपर्यंत. तिने मला बोलू दिलं. मग म्हणाली, चल, बस जाईल. तिच्या या चांगुलपणाचा मला तेव्हा राग आला होता आणि खरं सांगायचं तर अजून येतो. तो आम्हाला फार महाग पडलेला आहे.

सोमवारी मॅनेजर माझ्या टेबलाशी आला. मला वाटलं घराबद्दल बोलेल, निदान सॉरी तरी म्हणेल. इकडेतिकडे बघून तो हळूच म्हणाला, "आईसमोर काही बोलली नाहीस, थँक्स."

"अजून बोलले नाही," मी म्हणाले.

त्या दिवसापासून कॅन्टीनमधलं तळहाताचं व्याख्यान बंद झालं, निदान मी बसलेली असताना. दिवाळीनंतर तो पुन्हा ऑनसाइट गेला आणि तिकडेच राहिला. तिथे तो कुणाला काय शिकवतो ते मला माहीत नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर त्याला जे कमी शिजलेलं चालायचं ते परदेशाहून आलेलं होतं, म्हणून ती आवड ठरली. आमचं पूर्ण शिजलेलं खडकीहून आलेलं होतं, म्हणून तो वास. यात मांसाचा काही संबंध नव्हता आणि आचेचाही नव्हता.

आम्हाला शेवटी विश्रांतवाडीला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. कंपनीची बस पकडायला मला दोन बस बदलाव्या लागायच्या. ओटा कडप्प्याचा होता, आखूड, एका कोपऱ्यात टवका उडालेला. पहिल्या रविवारी मी सकाळीच बाजारात जाऊन मांस आणलं, वडील आणायचे तसं, पिशवीत पिशवी घालून. आईने ते धुतलं, पुन्हा धुतलं, हळद-मीठ चोळलं आणि पातेलं चढवलं. मी सवयीने उठले आणि खिडकी लावायला गेले.

"राहू दे ती," आई म्हणाली.

कांदा-खोबरं तिने नंतर, मसाल्यापुरतंच भाजलं. गोणपाट अजून गाठोड्यातच होतं आणि पुढे ते पाय पुसायला गेलं. खिडकी उघडी, दार उघडं, जिन्यातून लोकांची ये-जा चाललेली. दुपार झाली तशी मला भूक आवरेना. मी ताटं घेऊन बसले. आईने पळीत एक तुकडा घेतला, फुंकर मारली आणि चिमटीत दाबला. तो सहज तुटला आणि त्याच्या रेषा सुटल्या. तरी तिने गॅस बंद केला नाही. उलट पातेल्यावरचं झाकण काढून बाजूला ठेवलं.

"झालंय की गं," मी म्हणाले.

"झालंय," ती म्हणाली. "पण थांब जरा. खालच्या मजल्यापर्यंत वास जाऊ दे, मग वाढते."